हलत्या चित्रांचा ध्यास

नवी मुंबईतील वाशी, नेरूळ, बेलापूर या भागांत आज घरोघरी एक वाद ऐकू येतो. शाळेतून परतलेली मुले जपानी चलच्चित्रे पाहण्यात गढून जातात. ‘अॅनिमे’ या नावाने ही चित्रे ओळखली जातात. मुलांच्या मते त्यांत रंजक कथा असते, सुंदर चित्रकला असते, शौर्य असते आणि मैत्रीही असते. वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांना मात्र मोठाल्या डोळ्यांची ती रेखाटलेली माणसे पाहत बसणे म्हणजे निव्वळ कालापव्यय वाटतो. काही घरांत आजोबाच नातवंडांशेजारी बसून ती आवडीने पाहतात, आणि मग वाद अधिकच रंगतो.

हा वाद वाटतो तितका नवा नाही. जपानमधील चित्रगृहांत अशी हलती चित्रे प्रथम १९१७ साली झळकली. त्याच्या दोन वर्षे आधी, १९१५ साली, महाराष्ट्रातील एका गृहस्थाने काड्यापेटीतील काड्यांना पडद्यावर खेळविले होते. त्या काळी केवळ अशा काड्यांचा खेळच नव्हे, तर पडद्यावरील कोणतेही चित्र शहाण्या माणसाने पाहावे की नाही, याविषयीच लोकांत मतभेद होते. त्या मतभेदांना तोंड देता देता ज्यांनी आपले द्रव्य, आरोग्य आणि अवघे आयुष्य खर्ची घातले, ते गृहस्थ म्हणजे दादासाहेब फाळके होत.

दादासाहेबांचे मूळ नाव धुंडिराज. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या क्षेत्री झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. मुलानेही शास्त्री व्हावे, अशीच कोणत्याही शास्त्र्याच्या घरची रीत. परंतु धुंडिराजाचा ओढा चित्रे काढण्याकडे आणि सोंगे सजविण्याकडे होता. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकविण्यासाठी वडिलांना बोलावणे आले आणि सारे कुटुंब मुंबईस आले. त्यामुळे मुलाची सोय आपोआपच झाली. १८८५ साली त्याचे नाव सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण अशा नाना विद्यांचा त्यांनी अभ्यास केला. एवढ्यावर समाधान न मानता ते जादूचे प्रयोगही शिकले. ‘फाळके’ या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते हे प्रयोग करीत.

इतक्या कला अंगी असूनही संसाराची घडी काही बसेना. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय सुरू केला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल या दोघांचाही अंत झाला. खचलेल्या मनाने ते बडोद्यास परतले. छायाचित्र काढले की माणसाच्या अंगातील शक्ती शोषली जाऊन त्याचे आयुष्य घटते, असा समज त्या काळी लोकांत पसरला होता. चित्र घडविणाऱ्यास चित्राविषयीच्या भीतीलाही उत्तर द्यावे लागते, हा धडा फाळक्यांना येथेच मिळाला. पुढे त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडली आणि शिळाछापाच्या व मुद्रणाच्या धंद्यात नाव मिळविले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. त्यांच्या छापखान्याची कीर्ती होऊ लागली. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि त्या धंद्यासही त्यांनी रामराम ठोकला. वय चाळिशीचे, हाती धंदा नाही आणि पदरी मुलेबाळे. अशा स्थितीत शहाणा माणूस स्थिर नोकरी शोधता. फाळके एके दिवशी चित्रपट पाहावयास गेले.

ही गोष्ट १९११ च्या सुमाराची. गिरगावात एका तंबूत परदेशी मूकपट दाखविले जात असत. तेथे फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे प्रसंग सरकत होते आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र गोकुळातील कृष्ण आणि अयोध्येतील राम उभे राहत होते. आपल्या देशातील देवांच्या व वीरांच्या कथा आपल्याच माणसांनी अशाच पडद्यावर आणाव्यात, या विचाराने त्यांना झपाटले. त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखविला आणि चित्रे कशी हलतात, तेही समजावून दिले. या विद्येचे रहस्य ज्या दोघांना उमगले, त्यांत एक बाई होती आणि ती घरचीच होती. पुढील साऱ्या कथेत हे विसरून चालणार नाही.

त्या दिवसापासून फाळके रोज चित्रगृहात जाऊ लागले. दिवसा परदेशी पुस्तके आणि यंत्रांच्या याद्या वाचाव्यात, संध्याकाळी चित्रपट पाहावेत आणि रात्री एका छोट्या यंत्रावर प्रयोग करावेत, असा त्यांचा क्रम सुरू झाला. झोप अगदी थोडी मिळे. परिणामी डोळे सुजले आणि दृष्टी जवळजवळ गेली. अति चित्रे पाहिल्याने डोळे बिघडतात, असा इशारा आजही घरोघरी दिला जातो. फाळक्यांच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. वैद्यकीय उपचारांनी आणि विश्रांतीने दृष्टी परत आली. आप्तेष्टांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण डोळे उघडताच फाळके पुन्हा त्याच मार्गास लागले. तेव्हा मात्र हा मनुष्य वेडा झाला आहे, असे ओळखीचे लोक उघडपणे म्हणू लागले.

त्या लोकांनाही सर्वस्वी दोष देता येत नाही. बायस्कोप हा त्या वेळी जत्रेतील चमत्कार मानला जाई. विद्वान मंडळी त्याकडे पोरखेळ म्हणून पाहत. नाटकास निदान काव्य आणि संगीत यांचा आधार होता. मुक्या, धावत्या चित्रांत कोणते मोल आहे, हे सुशिक्षितांनाही सांगता येत नव्हते. अशा खेळापायी संसार पणाला लावणाऱ्यास शहाणा कोण म्हणणार? फाळक्यांनी तर आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले.

लंडनमध्ये ‘बायस्कोप’ नावाचे एक साप्ताहिक निघत असे. त्याचे संपादक कॅबोर्न यांना फाळके भेटले. चित्रपटाच्या धंद्यात इंग्लंडातही अनेकांचे हात पोळले आहेत, हे कॅबोर्न यांनी त्यांना प्रथमच बजावले. पाहुणा मागे हटत नाही, असे दिसताच त्यांनी मनापासून साहाय्य केले आणि सेसिल हेपवर्थ या प्रसिद्ध निर्मात्याकडे त्यांना नेले. हेपवर्थ यांच्या निर्मितीगृहात फाळक्यांनी सारी प्रक्रिया डोळ्यांखालून घातली. नंतर विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला कडेने छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी करून, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईस परतले.

यंत्र आले, पण भांडवल नव्हते. सावकारांना शब्दांनी पटविणे शक्य नव्हते, तेव्हा फाळक्यांनी एक वेगळीच युक्ती योजली. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा रोवला. ठरावीक अंतराने एकेक चित्र घ्यावयाचे आणि थांबावयाचे, असे महिन्याहून अधिक दिवस चालले. मग ती चित्रे सलग पडद्यावर दाखविली. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, एका मिनिटाहून किंचित अधिक वेळात, दाण्यास कोंब फुटला, पाने उलगडली आणि वेल वर चढला! ‘अंकुराची वाढ’ असे त्या चित्राचे नाव होते. निसर्गात रोज घडत असलेली, परंतु उघड्या डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट या खेळण्याने दाखविली होती. ज्यांनी ती पाहिली, त्यांपैकी काही स्नेह्यांनी कर्ज देण्याचे मान्य केले. उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली.

पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी फाळक्यांनी सत्यवचनी राजा हरिश्चंद्राची कथा निवडली. दादर येथील त्यांचे राहते घर हाच कारखाना बनला. कारखाना हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे; कारण चित्रपटात काम करतो, असे सांगणे कमीपणाचे वाटे, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत, असे लोकांना सांगावे, असा सल्ला फाळकेच आपल्या नटांना देत. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री पुढे येईना. वारांगनांनीसुद्धा हे काम नाकारले. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात अण्णा साळुंके नावाचा एक सडपातळ आचारी फाळक्यांच्या दृष्टीस पडला. तेथे त्यास महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि भारतीय चित्रपटास तारामती लाभली. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रेय दामोदर दाबके यांनी केले. राजपुत्राच्या भूमिकेसाठी फाळक्यांनी आपलाच मुलगा भालचंद्र यास उभे केले.

बाहेरील दृश्यांसाठी मंडळी कल्याणच्या पुढे वांगणी या गावी गेली. फाळके मागाहून यावयाचे होते. ढाली-तलवारी घेऊन उतरलेले हे लोक पाहून दरोडेखोर आले, असे गावकऱ्यांस वाटले आणि पोलीस पाटलाने सर्वांना अडकवून ठेवले. फाळके येऊन पोहोचले तेव्हा त्यांनी कॅमेरा उघडून दाखविला आणि सारा उलगडा केला. चित्रपट म्हणजे काय, हेच ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना तो चांगला की वाईट, हे ठरविण्याचे कारणच नव्हते. वांगणीच्या गावकऱ्यांचा गैरसमज पाच-दहा मिनिटांत दूर झाला. शहरातील सुशिक्षितांचा दूर होण्यास कित्येक वर्षे लागली.

इकडे घरी सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत. उन्हाचा प्रकाश वळविण्यासाठी पांढरी चादर हाती धरून त्या तासन् तास उभ्या राहत. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे कामही त्या करीत. इतके करून त्यांचे नाव चित्रपटासोबत लोकांपुढे आले नाही, ही उणीव आजच्या वाचकास खटकल्यावाचून राहणार नाही.

२१ एप्रिल १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ निमंत्रितांना दाखविण्यात आला आणि ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो सर्वांसाठी खुला झाला. चित्रपटाची लांबी सुमारे ३७०० फूट होती. मुंबईकरांनी त्यास उत्तम आश्रय दिला. सुरतेस मात्र पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले, असे सांगतात. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची ज्यांना सवय, ते तासाभराच्या मुक्या खेळासाठी तीन आणे कशास देतील? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, ती अशी की तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि तीही दोन मैल लांबीची! गर्दी लोटली. ३७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही, असा हिशेब कोणी केल्याचे ऐकिवात नाही. प्रोफेसर केल्फाची जादू येथे कामी आली, असेच म्हणावे लागेल.

त्यानंतर फाळके नाशिकास राहावयास गेले. ‘मोहिनी भस्मासुर’ या त्यांच्या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी भूमिका केल्या. स्त्रियांनी पडद्यावर येण्याची वाट त्यांनी मोकळी केली. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथील पत्रकारांनी त्यांच्या तांत्रिक कौशल्याची वाखाणणी केली. इंग्लंडातच राहून काम करण्याविषयी त्यांना विचारणा झाली. ती त्यांनी नम्रपणे नाकारली. मायदेशी परत येतात तोच महायुद्ध भडकले. कच्ची फिल्म दुर्मीळ झाली, कर्ज देणारे मागे सरले आणि नटांचे पगार भागविणेही कठीण होऊन बसले.

या ओढाताणीच्या काळातच ‘आगकाड्यांची मौज’ हे चित्र निर्माण झाले. त्यासाठी नट नको होते, वेष नको होते आणि राजवाड्याचा देखावाही नको होता. मेजावर काड्या मांडावयाच्या, कॅमेऱ्याने एक चित्र घ्यावयाचे, काडी केसभर सरकवावयाची आणि पुन्हा एक चित्र घ्यावयाचे. मूकपटाच्या काळी दर सेकंदास सुमारे सोळा चित्रे पडद्यावरून सरकत. म्हणजे एका मिनिटाच्या खेळासाठी साडेनऊशेहून अधिक वेळा हाच उपद्व्याप करावयाचा. फ्रान्समध्ये एमिल कोल या कलावंताने १९०८ साली काड्यांची अशी करामत केली होती. फाळक्यांनी ती विद्या भारतात आणली आणि येथील चलच्चित्रकलेचा आरंभ झाला. नाण्यांच्या हालचालींचेही असेच एक चित्र त्यांनी केले. पौराणिक कथा पाहून लोक हात जोडीत. काड्या पाहून ते काय करणार? हसणार. पाहणाऱ्यास हसू यावे, एवढ्यासाठी एका प्रौढ माणसाने किती शीण सोसावा, याविषयी त्या वेळी दुमत असेल, तर आजही ते आहे. परंतु वाटाण्याचा वेल आणि नाचरी काडी यांमागे एकच चिकाटी होती, हे यंत्राची माहिती असलेल्यास सहज पटेल.

१९१७ साली फाळक्यांचा ‘लंकादहन’ आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या! तरीही पडद्यावर प्रभू रामचंद्र दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवीत. जमलेली नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागत, असेही सांगतात. ज्या खेळास लोक हलका म्हणत, त्याच खेळास ते देवदर्शनाचा मान देऊ लागले. या रामकथेस पुढे आणखी एक वळण लाभले. १९९२ साली युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन या दिग्दर्शकांनी, जपानी व भारतीय कलावंतांच्या साहाय्याने, रामायणावर एक रेखाटलेला चित्रपट पूर्ण केला. देवांना व्यंगचित्रांच्या रूपात दाखवू नये, असा आक्षेप तेव्हा भारतातून घेतला गेला. तो चित्रपट पाहणारी अनेक मुले मात्र मोठेपणीही त्याची आठवण विसरली नाहीत.

टीकेस उत्तर म्हणून फाळक्यांनी लेखणीही हाती घेतली. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी लेख लिहून आपल्या धडपडीची हकीकत वाचकांपुढे मांडली. चित्रपट कसे तयार होतात, हे दाखविणारा एक लघुपटही त्यांनी काढला. जे समजत नाही त्याचा माणूस तिरस्कार करतो, म्हणून आधी ते समजावून द्यावे, अशी त्यांची धारणा दिसते. चित्रपटांचा समाजावर कोणता परिणाम होतो आणि त्यांवर किती नियंत्रण असावे, हा प्रश्न पुढे सरकारपर्यंत गेला. १९२७-२८ साली दिवाण बहादुर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने देशभर साक्षी घेतल्या. या समितीपुढे फाळक्यांनीही आपले म्हणणे मांडले.

तोपर्यंत त्यांच्या भाग्याचा ओघ मात्र आटू लागला होता. १९१८ साली भांडवलदारांच्या साहाय्याने ‘हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स’ ही कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ हे चित्रपट गाजले; पण भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. फाळके रागाने काशीस निघून गेले आणि तेथे त्यांनी नाटक लिहिले. काही काळाने ते परतले खरे, परंतु पूर्वीचे दिवस परतले नाहीत. एकाच माणसाने कथा लिहावी, पडदे रंगवावेत, कॅमेरा चालवावा आणि फिल्म धुवावी, हा जमाना संपला होता. १९३१ साली चित्रपट बोलू लागला. ज्यांच्या चित्रांना एके काळी अतिनवीन म्हणून नावे ठेवली गेली, त्यांचीच चित्रे आता जुनाट म्हणून मागे पडली. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ साली आला. तो फारसा चालला नाही. अखेरची वर्षे नाशिकास काढून १६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेबांनी इहलोकीची यात्रा संपविली. चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च शासकीय सन्मान १९६९ सालापासून त्यांच्या नावाने दिला जातो.

त्या काळची फिल्म लवकर पेट घेणारी आणि लवकर कुजणारी होती. त्यामुळे फाळक्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे वाचले. ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाचा काही भागच आज पाहावयास मिळतो, आणि तोही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या प्रतीतील असावा, असे काही अभ्यासक मानतात. ‘आगकाड्यांची मौज’ तर नाहीशीच झाली. ती पाहण्याजोगी होती की नव्हती, हे ठरविणे आता कोणाच्याही हाती उरलेले नाही. ‘कालिया मर्दन’ चित्रपटाचा मात्र बराच भाग शिल्लक आहे. त्यात बालकृष्णाचे काम दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केले होते. कथा सुरू होण्यापूर्वी ती एकटीच पडद्यावर येते आणि निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखविते. ती हसते, रागावते, रुसते, आणि मग हळूहळू त्या मुलीच्या ठिकाणी कृष्ण दिसू लागतो.